पोरीनं प्रार्थना कीटक पाळलाय, यंदा कात टाकताना मरू द्यायचा नाही

धुऱ्यावरची_तूर
नमस्कार मंडळी. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, वावरात कपाशी अन् तूर. पोरगी सहावीत आहे, तिला किड्यांचं भारी वेड. मागच्या पावसाळ्यात तिनं धुऱ्यावरून एक हिरवा प्रार्थना कीटक आणला, गावात सगळे त्याला नाकतोडाच म्हणतात पण हा तो नाही, हा पुढचे पाय जोडून उभा राहतो अन् मान वळवून आपल्याकडे पाहतो. लोणच्याच्या बरणीत ठेवला, झाकणाला भोकं पाडली, रोज माश्या टाकल्या, खायचाही मस्त. एक दिवस सकाळी पाहतो तर अर्धा जुन्या कातीतून बाहेर आलेला, पाय वाकडे झालेले अन् तसाच बरणीच्या तळाला पडलेला. संध्याकाळपर्यंत हलत होता. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही, मलाही वाईट वाटलं कारण बरणी मीच दिली होती.
यंदा परत एक सापडला, तुरीवर. दोन इंचाच्या आसपास असेल, पंख नाहीत पण पाठीवर पंखांच्या जागी छोट्या पाकळ्या दिसतात. सध्या खोक्याला मच्छरदाणीची जाळी लावून ठेवलाय. कोणी पाळला असेल तर सांगा, हा मेला नाही पाहिजे.

पऱ्हाटी
भाऊ एक सांगू का, राग नका मानू. सोडून द्या त्याले वावरात. तो मित्रकीड आहे, अळ्या खाते, पतंग खाते. आमच्या इकडे यवतमाळात आधीच फवारणीनं सगळं साफ झालं, माह्या लहानपणी तुरीच्या एका तासात, म्हंजे ओळीत, चार चार दिसत, आता अख्ख्या वावरात एखादा दिसला तर दिसला. पोरीले वावरात नेऊन दाखवा नं, डब्यात काहून कोंडता?

संत्र्याची_बाग
धुऱ्यावरची_तूर दादा, मी वरुडकडची, गेल्या सहा वर्षांत चार पाळले, त्यातला पहिला तुमच्यासारखाच कात टाकताना गेला. तुमच्या बरणीत काय झालं ते सांगते. हा किडा कात टाकताना उलटा टांगतो स्वतःला, मागच्या पायांनी वर धरून, डोकं खाली, अन् मग जुन्या कातीतून अंग खाली ओघळल्यासारखं बाहेर येतं. म्हणजे जुनं अंग वर लटकलेलं अन् त्याच्या खाली नवं अंग, तेही आधीपेक्षा मोठं. खाली जागाच नसली तर नवं अंग जमिनीला टेकतं, पाय वाकडे होतात अन् ते तसेच वाळून कडक होतात. म्हणून खोक्याची उंची किड्याच्या लांबीच्या कमीत कमी तिप्पट पाहिजे, रुंदी दुप्पट असली तरी चालते. अन् दुसरं, बरणीचं झाकण प्लास्टिकचं गुळगुळीत, त्याला नखं रुततच नाहीत, अर्ध्यातून सुटून पडतो. वर जाळी पाहिजे किंवा सुती कापड, काही नाही तर आतून आडवी काटकी बांधा. तुमची यंदाची मच्छरदाणी एकदम बरोबर आहे, फक्त उंची मोजून घ्या.
पाठीवरच्या पाकळ्या म्हणजे पंखांच्या कळ्या. त्या फुगल्यासारख्या दिसल्या की शेवटची कात जवळ आली समजा, मग पूर्ण पंख येतात अन् त्यानंतर तो परत कात टाकत नाही. शेवटचीच सगळ्यात अवघड कारण पंख पसरायलाही जागा लागते.
पऱ्हाटी दादांचं म्हणणंही मला पटतं पण एक पोरगी एक किडा सांभाळून मोठी झाली तर ती पुढे वावरात फवारणी करताना दहा वेळा विचार करेल, असं मला मनापासून वाटतं.

किडूकमिडूक
मी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकतो. पऱ्हाटी काका, मित्रकीड आहे हे खरं पण थोडं नीट सांगतो. प्रार्थना कीटक निवडून खात नाही, समोर जे हलेल ते धरतो, अळी धरेल, पतंग धरेल, तशीच मधमाशी धरेल अन् लेडीबर्ड भुंगाही, जे आपले दुसरे मित्र आहेत. स्वतःच्या भावंडालाही खातो. बोंडअळीचं म्हणाल तर गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते, तिथं याचा पाय पोचतच नाही, तिचा पतंग बाहेर फिरताना सापडला तर खाईल. त्यामुळे एक किडा घरी नेल्यानं वावराचं नुकसान होत नाही. वावराचं नुकसान होतं ते सरसकट फवाऱ्यानं, त्यात शत्रू अन् मित्र दोन्ही जातात, शत्रू लवकर परत येतात अन् मित्र मागं राहतात.
भाऊ, नर की मादी तेही पाहून ठेवा. पोटाच्या खालच्या बाजूला आडव्या पट्ट्या मोजा, मादीला ६ दिसतात अन् शेवटची मोठी, नराला ८. नराच्या मिशाही लांब अन् अंग सडपातळ.

धुऱ्यावरची_तूर
संत्र्याची_बाग ताई, तुमचं वाचून पोट्टीनं लगेच पट्टी आणून मोजलं, खोका १४ इंच उंच आहे म्हणजे भरपूर झाला. बरणी ५ इंचाची होती, अन् त्यात खाली माती अन् पानं पण भरली होती आम्ही, म्हणजे राहिले तीनच इंच. कळलं आता.
पट्ट्या ६ मोजल्या, मादी आहे.
खायला काय द्यायचं? माश्या पकडून आणतो गोठ्यातून, कधी वावरातले छोटे टोळ. मेलेलं झुरळ टाकलं तर पाहतही नाही. अन् ही डुलते सारखी इकडून तिकडे, आजारी तर नाही?

किडूकमिडूक
डुलणं आजार नाही, ती अंतर मोजते. डोकं डावीउजवीकडे हललं की जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसते अन् लांबची कमी. शिवाय दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली दिसते याला, आपल्यासारखी, किड्यांमध्ये हे फक्त याच्यातच सापडलंय. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात २०१६ साली यांच्या डोळ्यांवर मेणानं इवलेसे चष्मे चिकटवून पडद्यावर किडा दाखवला होता, थ्रीडी सिनेमा दाखवतात तसा, तर पडद्यावरचा किडा जवळ आल्यासारखा दिसला की हे त्याच्यावर झडप घालत. न हलणाऱ्या वस्तूकडे लक्ष जात नाही म्हणून मेलेलं झुरळ तिला दिसूनही उपयोग नाही. चिमट्यात धरून हळूच हलवलं तर बरेचदा घेते.

संत्र्याची_बाग
खाण्याचं मी जरा सविस्तर लिहिते कारण माझा दुसरा किडा यातच गेला अन् तो माझ्याच हातानं गेला.
बाजूच्या बागेत फवारणी झाली होती, मला माहीत नव्हतं, तिथल्या कडेच्या गवतातून एक टोळ धरून आणला, टोळ चांगला उड्या मारत होता, दिला. दुसऱ्या दिवशी पाय थरथरायला लागले, जाळीवरून सुटून पडायची, परत चढायची, परत पडायची, तोंडातून काळं पाणी आलं अन् संपली. टोळाच्या अंगात विष होतं पण त्याला मारायला पुरेसं नसेल, किंवा तो मरायच्या आत मी उचलला असेल. तेव्हापासून माझा नियम, ज्या वावरात फवारा फिरला तिथला किडा घ्यायचा नाही, स्वतःचं वावर असेल तरी नाही.
गोठ्यातल्या माश्या घेता तर एक विचारते, गाईबैलांना गोचिडाचं औषध लावलंय का हल्ली? लावलं असेल तर त्या माश्याही नकोत, त्या जनावराच्या अंगावर बसूनच आलेल्या असतात. अन् घरात रात्री मच्छरची अगरबत्ती किंवा ते प्लगला लावायचं लिक्विड लावत असाल तर खोका त्या खोलीत बिलकुल ठेवू नका, डास मारायचं औषध हा किडा आहे की तो किडा आहे असं पाहत नाही.
मी आता घरीच खाणं तयार करते. पिकलेलं केळं डब्यात ठेवून वर कापड बांधायचं, सात आठ दिवसांत चिलटं भरपूर होतात, ती लहान पिल्लांना. मोठ्यांना रातकिडे, ते मी अंड्याच्या ट्रेमध्ये पाळलेत, कणिक अन् गाजराची सालं खातात. दर दोन दिवसांनी एक पुरे, पोट फुगलं असेल तर आणखी देऊ नका. मुंग्या कधीच नाही, त्याच तिला चावतात.
पाणी वाटीत नका ठेवू, जाळीवर स्प्रेनं थोडा फवारा मारायचा रोज संध्याकाळी, ती थेंब चाटते. पाहायला फार सुंदर दिसतं ते.

पऱ्हाटी
ताई हे मात्र तुम्ही खरं बोलल्या. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीत किती माणसं गेली ते सगळ्यांनी पायलं, दवाखान्यात जागा नव्हती. माह्या चुलतभावालेही ॲडमिट केलं होतं, वाचला, पण अजूनही उन्हात गेला की डोळे चुरचुरते म्हणते. जे औषध माणसाले अंगावर उडालं तर खाटेवर पाडते ते या बोटाएवढ्या जिवाचं काय करीन. म्या तेव्हापासून पाच तास तुरीचे अन् धुऱ्याच्या कडेनं ज्वारीची एक ओळ बिनफवाऱ्याची ठेवतो, घरच्या खाण्यापुरती. धुऱ्यावरची_तूर भाऊ, तुम्हीही एक कोपरा असा ठेवा, किडेही तिथूनच आणा अन् पुढं सोडायचं झालं तर तिथंच सोडा.
एक इचारायचं होतं. दोन वर्षाआधी असाच एक नाकतोडा पाण्याच्या टाक्यात पडला अन् त्याच्या मागून काळा केसासारखा लांबच लांब जंत निघाला, वळवळत होता, वीतभर असन. पोट्टे भेले सगळे. काय होतं ते?

किडूकमिडूक
काका ती केसकृमी. लहानपणी किड्याच्या पोटात शिरते, खाल्लेल्या एखाद्या पाणकिड्यातून, अन् आतच वाढते. मोठी झाली की तिला अंडी घालायला पाणी लागतं म्हणून किडा पाण्याकडे जावा असं काहीतरी त्याच्यात घडवते, पाण्यात पडला की बाहेर येते. माणसाला काहीच करत नाही. पण रानातून आणलेल्या किड्यात ती असू शकते, त्यामुळे नीट सांभाळूनही अचानक गेला तर दर वेळी आपलीच चूक असते असं नाही, पोरीला हेही सांगा.

झाडीपट्टी
गोंदियाकडून लिहितो, शाळेत शिकवतो. आमच्याकडे धानाच्या बांधीत बारीक तपकिरी असतात अन् जंगलाच्या कडेला फुलावर बसणारे छोटे, पंखावर गोल डोळ्यासारखा ठिपका असलेले. मी वर्गात दोन महिने एक ठेवला होता, पोरांनी त्याचं वेळापत्रक लिहिलं, कधी खाल्लं, कधी कात. एक सांगायचं होतं, अभयारण्यातून किंवा व्याघ्र प्रकल्पातून कोणी काही उचलू नका, नागझिरा असो की ताडोबा, तिथून काडीसुद्धा आणायची नाही, तो कायदा आहे. आपल्या अंगणात अन् वावरात भरपूर आहेत.
पोरांना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे याला कान एकच असतो, तोही छातीच्या खाली पायांच्या मधोमध. वटवाघळाचा आवाज, जो आपल्याला ऐकूच येत नाही, तो त्यानं याला कळतो अन् उडता उडता एकदम खाली सूर मारतो.

धुऱ्यावरची_तूर
सर, ही कानाची गोष्ट पोट्टीनं अख्ख्या गल्लीत सांगितली.
ताई, गोचिडाचं औषध लावलं होतं बैलाला, पंधरा दिवसांआधी. बरं झालं विचारलं. माश्या बंद. अगरबत्तीच्या खोलीतूनही खोका काढला, आता ओसरीत बंगईच्या वर आढ्याला टांगलाय.
पण तीन दिवसांपासून काहीच खात नाही. रातकिडा दिला तर मागे सरकते. पाकळ्या फुगल्या आहेत.

संत्र्याची_बाग
दादा रातकिडा आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!! कात टाकायची आहे तिला. त्या वेळी ती एकदम मऊ असते, हलू शकत नाही, अन् रातकिडा तिला कुरतडतो, झालंय असं. खोका हलवू नका, टांगलेला उतरवूही नका, संध्याकाळी जाळीच्या एका बाजूला थोडं पाणी मारा कारण हवा कोरडी असली की कात चिकटून बसते. कुलर लावत असाल तर त्याचा थेट झोत नको. अन् अडकली असं वाटलं तरी हात लावू नका, ओढायचं तर नाहीच.

धुऱ्यावरची_तूर
झालं!!! तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. पोट्टीचा लाकडी बैल सजवून ठेवला होता, सगळी पोरं निघाली अन् ही दारातूनच परत फिरली, म्हणे बाबा ती उलटी लटकली अन् पाठ फाटू रायली. आम्ही दोघं ओसरीत खाली बसून पाहत होतो, बोलतही नव्हतो. आधी पाठ, मग डोकं, मग ते लांब पाय एकेक करून सोडवले तिनं, शेवटी पूर्ण खाली लोंबली, मला वाटलं पडतेच आता, काळजाचं पाणी झालं. मग थोडा वेळ तशीच. मग स्वतःच वर वाकून जुन्या कातीला धरलं अन् वर चढली. अर्ध्या तासात झालं असेल सगळं. पंख आधी चुरगळलेल्या कागदासारखे होते, ते हळूहळू खाली उतरत गेले, दुपारपर्यंत पानासारखे सपाट अन् हिरवेगार. बैल घेऊन पोरं दारी आली तर तिनं सगळ्यांना रांगेनं, आवाज न करता, आत आणून दाखवलं. बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, म्हणून मिळालेलं एक चॉकलेट खोक्याच्या बाजूला ठेवलंय तिनं, तिच्यासाठी.
कात जपून ठेवलीय, पारदर्शक, डोळ्यांसकट.

संत्र्याची_बाग
वाचून डोळ्यात पाणी आलं दादा. आता दोन दिवस काही देऊ नका, अंग कडक होऊ द्या, मग बारीकसं काहीतरी.

पऱ्हाटी
लय भारी. पोरीले माह्याकडून शाबासकी सांगा. सोडा म्हणलं होतं म्या, पण हे वाचून बरं वाटलं.

नागपूरकर_सध्या_पुण्यात
हा धागा वाचून गावची आठवण आली. एक प्रश्न, दोन एकत्र ठेवता येतात का? आमच्या गॅलरीत दोन सापडलेत.

किडूकमिडूक
नाही. वेगवेगळे ठेवा, एकमेकांना दिसणारही नाहीत असे. सकाळी एकच उरतो.

धुऱ्यावरची_तूर
मंडळी, विचित्र झालं काल. कात टाकून तीन आठवडे झाले. रात्री नऊच्या सुमारास ओसरीत आलो तर जाळीच्या बाहेरून एक बारीक तपकिरी किडा बसलेला, लांब मिशा, पंख मोठे. पट्ट्या ८. नरच आहे! कुठून आला? आमच्या ओसरीला बल्ब आहे म्हणून?

किडूकमिडूक
बल्बवर येतात नर, पण इथं वासही असेल. वयात आलेली मादी रात्री पोट वाकवून एक वास सोडते, आपल्याला येत नाही, नर वाऱ्यावरून माग काढत उडत येतो. तुम्ही खोका ओसरीत टांगला म्हणून हे झालं, बंद खोलीत झालं नसतं.
जोडी लावायची असेल तर आधी मादीला पोटभर खाऊ घाला, दोन तीन दिवस सलग. उपाशी असली तर नराला खाण्याची शक्यता जास्त. दर वेळी खातेच असं नाही, लोकांना वाटतं तसं. ती खात असताना नर मागून सोडा अन् खोका मोठा ठेवा म्हणजे त्याला पळता येईल.
जोडी नाही लावली तरी ती अंड्यांचा पुंजका घालेलच, पण त्यातून पिल्लं निघणार नाहीत. म्हणजे ठरवायचं आत्ताच.

धुऱ्यावरची_तूर
पोट्टीनं ठरवलं. लावली जोडी. नर रात्रभर पाठीवर होता, सकाळी जिवंत सापडला, जाळीच्या वरच्या कोपऱ्यात. त्याला पऱ्हाटी भाऊंचं ऐकून ठेवलेल्या बिनफवाऱ्याच्या तुरीवर सोडून आलो.
अन् दसऱ्याच्या आदल्या रात्री तिनं काटकीवर फेस काढायला सुरुवात केली, पांढरा, साबणासारखा, पोटाचं टोक गोल गोल फिरवत, मागे वळून एकदाही न पाहता. सकाळी तो तपकिरी अन् कडक झाला होता, सुपारीएवढा. आता काय करायचं?

संत्र्याची_बाग
काहीच नाही, काटकी आहे तशी टांगून ठेवा, चार पाच दिवसांनी हलका फवारा पाण्याचा. मुंग्यांपासून सांभाळा, टांगलेल्या दोरीला मध्ये तेलाचं बोळं बांधा नाहीतर खोका टेबलावर ठेवून पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आपण दुधाच्या कपाटाला करतो तसं. पिल्लं सगळी एकदम येतील, शंभरावरही येऊ शकतात, तेव्हा घाबरू नका. पुंजक्याला बारीक गोल भोकं दिसली अन् इवल्या माश्या निघाल्या तर समजा गांधीलमाशीच्या जातीच्या परजीवीनं आधी अंडी घातली होती, पण तुमचा घरात जाळीत घातलाय, तसं होण्याची शक्यता कमी.
मादी मात्र आता फार दिवस राहणार नाही दादा. महिना दोन महिने. पोरीला आधीच सांगून ठेवा.

धुऱ्यावरची_तूर
सांगितलं होतं. दिवाळीनंतर तिचे पाय जाळीला धरेनात, खाली बसून राहायची. पोट्टी चिमट्यानं रातकिड्याचा तुकडा तोंडाशी न्यायची, बोटावर पाण्याचा थेंब द्यायची. परवा गेली. तुरीखाली पुरलं.
आज ४३ वा दिवस. सकाळी सात वाजता पोट्टीची हाक आली. पुंजक्याखाली पिवळसर दाण्यांचा घोस लोंबकळत होता, बारीक धाग्यावर, अन् प्रत्येक दाण्याला काळे डोळे. दहा वाजेपर्यंत सगळे जाळीभर पसरले. तिनं ११८ मोजले, मग हलायला लागले म्हणून मोजणं सुटलं.
बिनफवाऱ्याच्या तासात अन् परसातल्या लिंबावर थोडे थोडे करून सोडले, एका ठिकाणी नाही, एकमेकांना खातील म्हणून. दोन ठेवलेत, वेगवेगळ्या पेल्यात. पण ताई, केळ्याची चिलटं मच्छरदाणीच्या भोकातून निघून जातात, काय करू?

संत्र्याची_बाग
पेल्याला मांजरपाटाचा तुकडा रबरनं बांधा, अन् कापडाला एक बारीक छिद्र पाडून कापसाच्या बोळ्यानं बंद करा, चिलटं तिथूनच आत झटकायची. पेल्यात आतून एक खरखरीत काडी तिरकी लावा, उलटं टांगायला. उंची मोजलीत ना?

धुऱ्यावरची_तूर
पोट्टीनंच मोजली, मला हातही लावू दिला नाही. पिल्लू अर्धा बोट पण नाही अन् पेला सहा इंचाचा. आत्ता पाहतोय, एकानं पहिलं चिलट धरलंय.